आधी डोस, मग दिलासा

इंदोरा, नागपूर

प्रिय श्रावू,

तुझं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगला जायचं ठरल्यापासून घरातले वाद थांबलेले नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यातला एकही तू सुरू केलेला नाहीस. आजीला वाटतं, तिथे तुला ख्रिश्चन करून टाकतील. मामाला वाटतं, नीटचा अजून एक अटेम्प्ट द्यायला हवा होता. तुझ्या बाबांना काटपाडी हे वेल्लोरला उतरायचं स्टेशनच इतकं लांबचं वाटतं की रोज मोबाइल उघडून केरळ एक्स्प्रेस कुठवर पोचली ते बघत बसतात, आणि तू अजून घरात आहेस! मी तोंडी सांगायला जाते तर तुला झोप येते नाहीतर माझी ड्युटीची वेळ होते. म्हणून लिहिते आहे. लांबलंय, पण गाडीत तुला दुसरं काम काय? बल्लारशाच्या पुढे जंगलात रेंजही जाते.

आधी आजीचं घेते. परवा ती शेजारच्या काकूंना म्हणत होती, "पोट्टी एवढ्या दूर मिशनच्या कॉलेजात चालली, आता तिले काय शिकवतीन काय माहीत व!" तिला मी काही बोलले नाही, तुला बोलते. ज्या घरातला माणूस १४ ऑक्टोबर १९५६ला, आज जिथे दीक्षाभूमी आहे त्या मैदानात, बाबासाहेबांसमोर उभा राहून धर्म बदलून आला, त्या घरानं धर्मांतराच्या नावानं घाबरावं याचं मला हसू येतं. तुझ्या पणजोबांनी ते विचार करून केलं होतं. तू उद्या विचार करून काही ठरवलंस तर मी भांडेन, रात्र-रात्र भांडेन, पण दार लावून घेणार नाही. दबावाखाली मात्र काही करायचं नाही. अगदी डोळे मिटून बसायचंसुद्धा नाही.

राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. तुझ्या कॉलेजाला त्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. त्याच घटनेतल्या कलम २८च्या तिसऱ्या उपकलमात लिहिलंय की सरकारमान्य किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. शिकणारा अज्ञान असला तर पालकाची संमती लागते. तुला अठरा पूर्ण झाली, म्हणजे संमती आता तुझी, माझी नाही. दोन्ही कलमं लक्षात ठेव. भांडणासाठी त्यांची गरज पडेल असं मला वाटत नाही, पण पाठीशी कायदा असला की माणूस समोरच्याचं मोकळ्या मनानं ऐकतो.

आणि मला विचारशील तर प्रार्थनेला जा, बस. वॉर्डात शिरण्याआधी थोडा वेळ शांत बसल्यानं कुणाचं वाईट झालेलं मी बघितलं नाही. गाणी चांगली असतात. माझ्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या वेळच्या ट्यूटर सिस्टर केरळच्या होत्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. येशूबद्दल त्यांनी आम्हाला वर्गात कधी एक शब्द सांगितला नाही. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडलेला नसला तर मात्र अख्खा पलंग उघडून पुन्हा करायला लावायच्या. पेशंटचा श्वास मोजताना त्याला कळू द्यायचं नाही, हेही त्यांचंच. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर हळूच छातीवर न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. आपला श्वास कुणी मोजतंय हे समजलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणारीला त्या रजिस्टर खोडून पुन्हा बेडपाशी पाठवायच्या. श्रद्धा असावी तर अशी, ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टमध्ये दिसणारी, असं मला तेव्हा वाटायचं. अजून वाटतं.

तूही तिथे रिकाम्या हातानं चाललेली नाहीस. विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, मग एकानं डोक्याकडून आणि एकानं पायाकडून धरून त्याला उचलून मंचकावर ठेवलं. त्यानंतर संघाला सांगितलं की ज्याला माझी शुश्रूषा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. एवढं तू विहारात कितीदा तरी ऐकलं आहेस. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. पुढे चांगली शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणं दिली आहेत. त्याला औषध तयार करता आलं पाहिजे. काय मानवतं आणि काय मानवत नाही ते कळलं पाहिजे. लोभानं न करता मैत्रीनं केलं पाहिजे. विष्ठा, मूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस वाटता कामा नये. आणि वेळ पाहून धम्माच्या दोन गोष्टी सांगून त्याला उभारी देता आली पाहिजे.

क्रम बघितलास? औषध येणं पहिलं. मनाचा चांगुलपणा तिसरा. धीर देणं सगळ्यात शेवटी.

मला तुला सांगायचंय ते एवढंच, बाकीचं पत्र म्हणजे याचाच पसारा आहे. तिथे त्याग, करुणा, सेवा यांबद्दल पुष्कळ बोललं जाईल आणि बोलणारी माणसं ते मनापासून बोलत असतील. ऐकून घे. पण प्रेमळ हातानं गेलेला चुकीचा डोस चुकीचाच असतो. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. देणारी किती मायाळू होती हे ते हृदय विचारत नाही. इन्सुलिनच्या चाळीस युनिटच्या सिरिंजला लाल टोपी, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. शंभरच्या कुपीतलं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं ओढलंस तर पेशंटला अडीचपट जाईल आणि पहाटे तो घामानं चिंब, बेशुद्ध सापडेल. आधी हे पक्कं कर. गोड बोलणं तुला जन्मजात येतं, त्याची मला काळजी नाही. गणिताची आहे.

म्हणून आत्तापासून सलाईनचे थेंब मोजायची सवय लाव. पाचशे मिली आठ तासांत द्यायचंय, सेट वीस थेंबांना एक मिली असा आहे. पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण एकवीस थेंब. मायक्रो सेट साठ थेंबांचा, त्यात तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, तिथे डोकं खाजवावं लागत नाही. कोणता सेट आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. पाकीट फेकायच्या आधी वाच. बारावीत फिजिक्सची गणितं करताना तू दशांश चिन्ह जिथे वाटेल तिथे द्यायचीस. लहान मुलांच्या वॉर्डात दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो.

वेल्लोरची गोष्ट तुला तिथे ऐकायला मिळेलच. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी घरातली मुलगी, तिचे वडील तमिळ मुलखात डॉक्टर होते. एका रात्री तीन वेगवेगळ्या घरांतले पुरुष येऊन बायकोच्या बाळंतपणासाठी बाईमाणूस मागतात, पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणतात, आणि सकाळपर्यंत तिन्ही बायका गेलेल्या असतात. ही गोष्ट ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, तुझ्याही येईल. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री ती त्या बायकांसाठी काहीही करू शकत नव्हती, कारण तिला काही येत नव्हतं. मग ती अमेरिकेत जाऊन वैद्यकी शिकली, १८९९मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाली आणि १९००मध्ये वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना घेऊन बसली. रडून झाल्यावर ती अभ्यासाला लागली, हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं.

आता मामाचं. त्या दवाखान्याच्या पाठीमागे आधी काय उभं राहिलं ठाऊक आहे? नर्सांची शाळा, १९०९मध्ये. बायकांसाठी वैद्यकीय शाळा १९१८मध्ये आली, आणि मुलांना एमबीबीएसला प्रवेश मिळाला तो १९४७मध्ये. नर्सिंगची पदवी तिथे १९४६मध्येच सुरू झाली होती, तीही देशातल्या अगदी पहिल्या पदव्यांमध्ये. हे मामाला सांगून उपयोग नाही, तो म्हणेल, "मंग काय झालं?" तुला सांगते आहे, कारण निकालाच्या दिवशी तुझा चेहरा मी पाहिला होता. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून नर्सिंगला निघालेली मुलगी, ही ओळख नागपूर स्टेशनवरच सोड. अर्धवट डॉक्टर म्हणून वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. राऊंडला डॉक्टरांच्या मागे मान डोलावत फिरतात आणि पेशंटच्या पाठीला पडून-पडून जखमा तर होत नाहीयेत ना, ते बघायचं विसरतात. डॉक्टर बेडपाशी पाच मिनिटं असतो, तू आठ तास. ओठ निळसर पडायला लागलेत, लघवीच्या पिशवीत चार तासांत जवळजवळ काहीच आलेलं नाही, काल बडबड करणारी म्हातारी आज गप्प आहे, हे सगळ्यात आधी कुणाला दिसणार?

किळसेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर आपल्या घरात कुणी बोलत नाही. मी नर्सिंगला गेले तेव्हा तुझ्या आजीच्या बहिणीनं नाक मुरडलं होतं. "आपल्या लोकायनं हेच करत राहावं का जिंदगीभर?" तिचा राग मला तेव्हाही समजत होता. दुसऱ्याची घाण उचलणं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारलं गेलं, त्यांनी शिकून-सवरून पुन्हा बेडपॅन हातात घ्यायचं? इतर घरांतल्या बायका बराच काळ या कामाकडे फिरकल्याच नाहीत, विटाळाच्या भीतीनं. सुरुवातीला बऱ्याच मिशन दवाखान्यांत नर्स म्हणून उभ्या राहिल्या त्या ख्रिस्ती झालेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका. इथे सीताबर्डीचं म्युर मेमोरियल स्कॉटिश मिशनचं. आजीच्या पिढीतल्या बायका अजून त्याला मिशनचा दवाखाना म्हणतात.

पण बेडपॅन उचलणं आणि बेडपॅन वाचणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं असेल तर जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव होतोय. भाताच्या पेजेसारखं पाण्यासारखं होत असेल तर कॉलराचा विचार कर आणि सलाईनची वाट न बघता कळव. मातीसारखं फिकट असेल तर पित्त खाली उतरत नाहीये. लघवी गडद चहासारखी दिसली तर रक्तपेशी फुटताहेत का, कावीळ आहे का, हे बघावं लागेल. ज्या गोष्टीकडे बघायलाही लोक तयार नसतात, तिच्यातून तू निदानाचा धागा काढशील, आणि तुझ्या नावापुढे नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असेल. तुझ्या आजीच्या बहिणीला हे समजावता आलं नाही मला. ती गेली तेव्हा शेवटचे दिवस मीच तिचं सगळं केलं, आणि तेव्हा तिनं काही म्हटलं नाही.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगायला नको, तू त्यातच वाढलीस. तरी पुस्तकात वाचशील तेव्हा ते परकं वाटू देऊ नकोस. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं आतून दुखतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला की त्रास उसळतो. आपल्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला तर विचारूच नकोस. विदर्भात आपल्या आणि आदिवासी समाजात हे प्रमाण जास्त आहे. तू वाहक आहेस, एएस, म्हणजे निरोगी आहेस. जोडीदारही वाहक निघाला तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक, इतकंच आज लक्षात ठेव आणि पुढे लग्नाचं ठरेल तेव्हा लाजू नकोस, हिमोग्लोबिनच्या तपासणीचा, इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आधी माग.

तुझा मावसभाऊ एसएस आहे, म्हणजे त्याला आजारच आहे. लहानपणी एका दवाखान्यात रात्री तो मांड्या धरून ओरडत होता आणि तिथली एकजण म्हणाली, "नाटकं करतो, इंजेक्शनची सवय लागली आहे." दवाखान्याचं नाव घेत नाही. ती बाई दुष्ट नव्हती. घरी तिचीही मुलं असतील, देवळात जात असेल, गरिबाला दोन रुपये देत असेल. तिला सिकलसेलचा क्रायसिस, ही अशी उसळणारी वेदना, म्हणजे काय ते माहीत नव्हतं, बस. वेदना मोजायला थर्मामीटर नसतो, पेशंट सांगेल ती वेदना मानायची, शून्य ते दहा असं विचारून लिहायची, पाणी द्यायचं, लिहून दिलेलं वेदनाशामक वेळेवर द्यायचं, प्राणवायू बघायचा. एवढं येत असतं तर त्या रात्री त्या पोराला अपमानही सोसावा लागला नसता. तुझ्या कॉलेजच्या दवाखान्याचा रक्तविकारांचा विभाग देशभर नावाजलेला आहे. तिथे पोस्टिंग मिळालं तर डोळे उघडे ठेव आणि वही भर. इकडे तुझ्या वहीची गरज पडणार आहे.

वेल्लोरचं अजून एक नाव तुला माहीत असावं म्हणून सांगते. पॉल ब्रँड हे इंग्रज सर्जन १९४६मध्ये तिथे आले. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात, मांस सडतं, असंच तेव्हा सगळे धरून चालत. त्यांनी बघितलं की आजारानं संवेदना जाते, मग गरम भांडं लागलेलं कळत नाही, पायात खिळा रुतलेला कळत नाही, जखम चिघळत जाते. काहींची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडायचे आणि माणसाला जागही यायची नाही. त्यावर इलाज म्हणून रुग्णांना मांजरी दिल्या होत्या! वरोऱ्याला आनंदवनात शाळेच्या सहलीनं गेली होतीस तेव्हा तू तिथल्या कामाचं कौतुक करत आली होतीस. आता त्याच्या पोटातलं शास्त्र शीक. मधुमेह्याचा पायही असाच बधिर होतो. रोज तळवे बघणारी नर्स पाय वाचवते, आणि त्यासाठी तिला शस्त्रक्रिया यावी लागत नाही. तिथेच मेरी व्हर्गीस नावाच्या डॉक्टर होत्या, १९५४च्या अपघातात कमरेखालून लुळ्या पडल्या आणि पुढे चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या. त्यांच्याबद्दल तिथे कुणी जुनं माणूस भेटलं तर विचारून घे.

पैशाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितेच. जिथे सेवेचं नाव जास्त घेतलं जातं तिथे पगाराचा विषय काढणं असभ्य मानलं जातं. हे फक्त मिशनमध्येच होतं असं समजू नकोस. ट्रस्टच्या दवाखान्यांत, खासगीत, सगळीकडे. बारा तासांची ड्युटी, रात्री सगळ्या वॉर्डाला एकच सिस्टर, आणि वरून "तुम्ही तर देवाचं काम करता". जानेवारी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगी दवाखान्यांतल्या नर्सांच्या पगाराचा प्रश्न बघायला केंद्राला समिती नेमायला सांगितली. समितीनं दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या दवाखान्यात सरकारी नर्सएवढा पगार आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही किमान वीस हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, किती पाळली गेली ते मैत्रिणींच्या पगारपत्रकांवरून मला ठाऊक आहे. तर शिकून झाल्यावर सेवाबंधाचा किंवा नोकरीचा कोणताही कागद समोर आला की सही करण्याआधी पूर्ण वाच, वर्षं किती, कुठे, पगार किती, मध्येच सोडलं तर दंड किती. विचारायला लाजू नकोस. चांगल्या संस्थेला प्रश्नाचा राग येत नाही.

असं म्हणताना मला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आठवतात, नाहीतर तुला वाटेल आई फक्त पैशाचं बोलते. दोघंही वेल्लोरलाच शिकलेले. कुठेही जाऊ शकले असते, १९७०मध्ये जामखेडला आले. त्यांनी गावातल्या बायकांना, त्यांत कितीतरी दलित, कितीतरी अक्षरही न आलेल्या, आरोग्याचं काम शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, जुलाबात पाणी कसं द्यायचं, जोखमीचं बाळंतपण कसं ओळखायचं. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. मला त्या पुरस्कारापेक्षा हे आवडतं की त्यांनी ज्ञान कपाटात कुलूप लावून ठेवलं नाही. जी बाई विहिरीवर बाजूला उभी राहायची तिच्या दारात सवर्ण घरातली सून पोर दाखवायला आली. ही ताकद दयेत नव्हती, तिला येत असलेल्या कामात होती.

आता बारीकसारीक. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, हे तुला सांगावं लागतं याचं दुःख आहे. पहिल्या सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन्स असेल. समाजशास्त्राला सोपं समजून टाळू नकोस, वॉर्डात रोज तेच समोर असतं. सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि त्याच क्षणी कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. शरमेनं लपवणाऱ्या मुली असतात. तू त्यातली होऊ नकोस. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचं कापड पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्यात. हे चार रंग गाडीतच पाठ होतील.

तमिळ लगेच येणार नाही, पण चार-पाच शब्द घेऊन उतर. वली म्हणजे वेदना. एंगे वलिक्कुदु, कुठे दुखतंय. तण्णी पाणी, मूच्चु श्वास, मयक्कम् चक्कर. साप्टींगळा, जेवलात का? आपल्याला ळ नीट म्हणता येतो, एवढा एक फायदा आपल्या पदरात आहे. हिंदीवाल्या मुलींची तिथे फजिती होते म्हणतात. आणि तुझी हिंदीही कामाला येईल, बंगाल-झारखंडकडचे पेशंट वेल्लोरला खूप येतात, त्यांना तमिळमध्ये घाबरलेलं बघशील. खोलीतल्या मुली केरळच्या, मिझोरमच्या, आंध्रच्या असतील. त्यांना तर्री पोहे करून खाऊ घाल, पण पहिल्या दिवशी तिखट आपल्या हिशोबानं टाकू नकोस.

पुढे परदेशात जावंसं वाटलं तर जा. बाबा म्हणतात इकडे सरकारी अधिपरिचारिकेची जागा निघाली की फॉर्म भर. तेही भर. मला तू कुठे आहेस यापेक्षा तुझ्या हातून रात्री तीन वाजता काय होतंय यात जास्त रस आहे.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे दोन डोस झालेत, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे तू तिथे असताना येईल. वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहिली आहे. तो चुकवायचा नाही, परीक्षा असली तरी. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी, करून घे आणि दहाच्या वर आला की मला फोटो पाठव.

जय भीम.

तुझी,
आई